तलावाच्या तीन वह्या

फिनलंडच्या प्राध्यापिकेचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, चुकून आलं असावं.

मी लाखनीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. कॉलेज हायवेला लागून आहे. जड ट्रक गेला की प्रयोगशाळेतल्या काचेच्या बरण्या एकमेकींवर किणकिणतात, आणि बोलणारा माणूस आपोआप थोडा वेळ थांबतो. अशा ठिकाणी परदेशी विद्यापीठांची पत्रं येत नाहीत. पण आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या तलावांवर मी कधीतरी एक लहानसा लेख लिहिला होता, तो त्या बाईंच्या वाचनात आला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. त्यांच्या विद्यापीठाच्या आसपास असंख्य तळी आहेत, आमच्याकडेही आहेत. दोन्हीकडच्या मुलांनी मिळून एक सत्र तलावांचा अभ्यास करावा. जोड्या लावाव्यात, आपापल्या तलावाची पाहणी करावी, आठवड्यातून एकदा पडद्यावर भेटावं आणि शेवटी एकत्र अहवाल लिहावा.

प्राचार्यांना कल्पना आवडली. विद्यापीठाची परवानगी मिळायला पावसाळा गेला, पण मिळाली. मंगळवारी दुपारी साडेबाराची वेळ ठरली. डिसेंबरात त्या वेळी तिकडे सकाळचे नऊ वाजलेले असायचे, आणि त्या बाईंच्या मागच्या खिडकीत अजून अंधारच दिसायचा. आमच्या मुलांना त्याचं फार आश्चर्य वाटे. इकडे डब्याची वेळ झालेली, आणि तिकडे दिवस उगवायचा बाकी.

पुढचं सांगण्याआधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर मी जे केलं ते का केलं हे कळणार नाही.

मी करडीची. घरी धानाची शेती. बारावीनंतर नागपूरला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उभी राहून म्हणाले, "सर, मले नाही समजलं." मागच्या बाकांवरून हसू फुटलं आणि ते पुढच्या बाकांपर्यंत आलं. त्यानंतर तीन वर्षं मी वर्गात प्रश्न विचारला नाही. होस्टेलच्या खोलीत एकटी असताना 'मला', 'तुला', 'कशाला' असं मोठ्यानं म्हणत बसे. भाषा सुधारली. पुढे इंग्रजीही सुधारली. नोकरी लागल्यावर मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच शिकवत राहिले, की बाहेर बोलायचं असेल तर आधी तोंड स्वच्छ करा. त्यांच्या भल्यासाठीच करते आहे, अशी माझी खात्री होती.

त्या वर्षी निवडलेल्या दहा मुलांत एक मुलगी होती. सानगडीच्या पलीकडच्या एका गावातली, ढीवरांच्या घरची. वडील गावच्या मोठ्या तलावात मासेमारी करायचे. ती साकोलीला बस बदलून रोज कॉलेजात यायची, दुसऱ्या रांगेत भिंतीकडे बसायची. बोलायची अगदी कमी. पण प्रात्यक्षिकाच्या वहीतली तिची चित्रं अशी असत, की मी ती दुसऱ्या वर्गांना दाखवी. माशाच्या कल्ल्याजवळची एकेक रेघ तिला ठाऊक असे, कारण ते मासे तिनं लहानपणापासून हातात धरले होते.

दिवाळीच्या आधी एक दिवस ती तीन वह्या घेऊन माझ्याकडे आली. तिच्याच जुन्या शाळेच्या वह्या. पुढची पानं शुद्धलेखनाची, आणि मागची कोरी राहिलेली पानं वेगळ्या, जाड अक्षरानं भरलेली.

"मॅडम, हे बाबांनी लिहून ठेवलं हाय. तीन वर्षांचं. कोणत्या दिवशी, तलावाच्या कोणत्या अंगाला, जाळ्यात कोणती मासोळी किती आली ते."

मी पानं उलटली. त्यांच्या तलावात बेशरम ह्या तणाची झुडपं माजली होती आणि मासोळीला अंडी घालायला जागा उरली नव्हती. तिच्या वडिलांनी गावातल्या सात-आठ जणांना घेऊन ती झुडपं मुळासकट उपटली. उन्हाळ्यात तळ उघडा पडला तेव्हा दुसऱ्या तलावातून गाद आणि चौरा, म्हणजे पाण्याखाली आणि पाण्यावर वाढणाऱ्या आमच्याकडच्या वनस्पती, आणून लावल्या. एका अंगाला लावल्या, दुसरं अंग मुद्दाम तसंच ठेवलं. आणि मग दोन्हीकडे येणारी मासोळी मोजत राहिले.

 एक अंग तसंच ठेवून दुसऱ्याशी ताडून पाहणं, हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवते. सातवी शिकलेल्या माणसानं ते कुणी न सांगता केलं होतं. आणि मी काय म्हटलं? "छान आहे," असं म्हणून वह्या परत दिल्या.

मला त्यात माशांची शास्त्रीय नावं दिसली नाहीत. पद्धत लिहिलेली दिसली नाही. काही पानांवर चहाचे की चिखलाचे डाग दिसले. ती सगळी नावं मला येत होती. करडीच्या घरी तीच मासोळी तळून खातच मी मोठी झाले. एका दुपारी बसून मी शास्त्रीय नावं लावून दिली असती. पण पडद्यावर ही पानं उघडली तर तिकडचे लोक काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मुलीनं तरी त्या वह्यांवरून तक्ते केले आणि अहवालात घातले. मी ते काढले. जागा कमी आहे, असं कारण दिलं. त्या जागी इंग्रजीत एक वाक्य लिहिलं. 'वनस्पती लावल्यामुळे मासे वाढले, असा स्थानिक मच्छीमारांचा समज आहे.' तिनं ते वाचलं. 'समज' ह्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "ठीक हाय मॅडम."

डिसेंबरात शेवटचं सादरीकरण होतं. सभागृहात मोठा पडदा लावला, संस्थेचे पदाधिकारी पहिल्या रांगेत बसले, प्राचार्यांनी नवा कोट घातला होता. तिच्या प्रकल्पावर बोलायचं काम मी दुसऱ्या एका मुलीला दिलं. लाखनीतल्या कापड दुकानदाराची मुलगी, इंग्रजी शाळेत शिकलेली, छान बोलणारी. सकाळी मी ढीवरांच्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझं काम चांगलंच आहे. पण बोलायचं काम तिला करू दे. समोर पाहुणे आहेत."

"हो मॅडम," ती म्हणाली.

सादरीकरण नीट झालं. टाळ्या झाल्या. मग पडद्यावरून त्या फिनलंडच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही मच्छीमारांचा समज म्हणता. त्याला काही नोंदीचा आधार आहे का?"

बोलणाऱ्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिला वह्यांबद्दल काहीच माहीत नव्हतं. माझा चेहरा पाहून तिला जे वाटलं ते ती बोलली. "नो मॅडम. नो रेकॉर्ड."

माईक माझ्या हातात होता. सुरू होता. दुसऱ्या रांगेतून ढीवरांची मुलगी माझ्याकडे पाहत होती, रागानं नाही, नुसती वाट पाहावी तशी. मी एक वाक्य बोलायचा अवकाश होता. पहिल्या रांगेतले पाहुणे, तो मोठा पडदा, आणि त्यावर ती जाड अक्षरांची डागाळलेली पानं, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि मी माईक टेबलावर ठेवला. तिकडच्या बाईंनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं आणि पुढच्या प्रकल्पाकडे वळल्या.

जानेवारीत कॉलेज सुरू झालं, तेव्हा ढीवरांची मुलगी आली नाही. आधी वाटलं, आजारी असेल. दोन प्रात्यक्षिकं बुडाली. तिसऱ्या आठवड्यात कापड दुकानदाराची मुलगी माझ्या खोलीत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, रेकॉर्ड होतं ना? मला आता कळलं. मला आधी माहीत असतं तर मी नसतं म्हटलं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला बस म्हटलं, पण ती बसली नाही.

त्या रविवारी मी सानगडीपलीकडच्या त्या गावी गेले.

तलाव गावाला लागूनच होता. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चिंचेखाली मुलीचे वडील जाळं विणत बसले होते, त्याची फाटलेली घरं पुन्हा बांधत. मला ओळखत नव्हते, पण साडी आणि पर्स पाहून ओळखलं असावं.

"या मॅडम, या. पोरगी घरीच हाय. अंगात कसर हाय म्हणते, कॉलेजात नाही जाऊन राहिली." त्यांनी घराकडे हाक मारली आणि मला बसायला पोतं अंथरलं. मग फार आनंदानं विचारलं, "तिकडच्या बाईले आमच्या वह्या आवडल्या म्हणे?"

मी पोत्यावर टेकले.

"पोरीनं सांगतलं मले सगळं. तुमीच पडद्यावर दाखवल्या म्हणे. ते बाई म्हणे का, इतकं बारीक काम आमच्याकडं बी कोणी नाही करत."

तोवर ती मुलगी चहाचे कप घेऊन आली होती. बापाच्या मागे उभी राहून माझ्याकडे पाहत होती. तिनं हे सगळं रचून सांगितलं होतं, माझ्यासह. त्यात मी वह्या उघडून दाखवणारी मास्तरीण होते. 'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. तिचीही तीच इच्छा होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाही भाऊ," मी म्हणाले. "वह्या मी दाखवल्या नाही. पोरीले बोलू बी देल्लं नाही. तिकडून विचारलं का नोंद हाय का, तं मी गप्प बसली."

घराबाहेरच्या माणसासमोर मी आमच्या बोलीत बोलले, ते किती वर्षांनी, मला आठवत नाही. ठरवून बोलले नव्हते.

त्यांचे हात थांबले नाहीत. एक गाठ पुरी केली, मग विचारलं, "काहून?"

"लाज वाटली."

"कोणाची?"

  तलावात दोन बायका कंबरभर पाण्यात काहीतरी वेचत होत्या, त्यांच्याकडे ते पाहत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मी काही शिकेल माणूस नाही. वहीत चूक असन तं चूक हाय म्हणाले पायजे होतं. मी मानलो असतो. पण हायच नाही म्हणणं..." एवढं बोलून ते जाळ्याकडे वळले. चहा मात्र त्यांनी मला पुरता प्यायला लावला.

मुलगी बसपर्यंत सोडायला आली.  मला वाटत होतं, मी खरं बोलले ह्याचं तिला बरं वाटलं असेल. रस्त्याच्या वळणावर ती थांबली.

"कायले सांगतलं मॅडम तुमी? त्यायले वाटत होतं का आपलं काम तिकडं पोचलं. महिनाभर खुश होते ते. वाटू द्याचं होतं."

"खोटं किती दिवस—"

"त्या दिवशी तुमी गप्प बसल्या, आज बोलल्या. दोन्ही डाव मले नाही विचारलं."

माझ्याशी कुठलाच विद्यार्थी आजवर असं बोलला नव्हता. आणि ते खरं होतं. बस येताना दिसत होती. मी म्हटलं, "मग आता विचारते. काय करू, तूच सांग."

तिनं थोडा विचार केला. "त्या बाईले पत्र लिहा. पण पाठवाच्या आंधी मले दाखवा."

मंगळवारी ती कॉलेजात आली. प्रयोगशाळेत बसून आम्ही पत्र लिहिलं. मी स्वतःला बराच दोष दिला होता. तिनं त्यातली तीन वाक्यं खोडली. "हे तुमचं हाय मॅडम. तलावाचं लिहा." मग तिनं वह्यांची पानं एकेक करून मोबाइलवर टिपली आणि सोबत जोडली. डागांसकट.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्या बाईंनी लिहिलं होतं, की चूक एकट्या माझी नाही. अहवालाचा साचा त्यांनीच पाठवला होता, आणि त्यात मच्छीमारांसाठी एकच ओळ ठेवली होती. 'समज' हा शब्द त्यांना खटकला होता, तरी आमचं उत्तर मानून त्या पुढे गेल्या. आता मुलीची आणि तिच्या वडिलांची तयारी असेल तर त्यांच्या वर्गाला एक दिवस तलावावरूनच शिकायला आवडेल.

फेब्रुवारीत आम्ही तलावाच्या पाळीवर जमलो. सिग्नल नीट यावा म्हणून मोबाइल चिंचेच्या फांदीला बांधला. वडिलांनी इस्तरीचा पांढरा सदरा घातला होता आणि तो भिजू नये म्हणून पाण्यात शिरायला ते कचरत होते. मुलगी आधी आपल्या बोलीत बोलली, मी इंग्रजी करत गेले. एका जागी मी गाद ह्या वनस्पतीसाठी जो शब्द वापरला त्याचा अर्थ नको असलेलं तण असा होतो. तिनं मला हातानं थांबवलं आणि मोबाइलकडे वळून स्वतःच इंग्रजीत म्हणाली, "नो. नॉट वीड. वी प्लँटेड." त्यानंतर बराच वेळ तीच बोलली. अडखळत बोलली, पण कुणी हसलं नाही, आणि मला मधे पडावं लागलं नाही.

मग तिकडच्या बाईंनी वडिलांना विचारलं, की दुसऱ्या वर्षी लहान मासोळी एकदम वाढलेली दिसते, ती दोन्ही अंगांना वाढली आहे. जाळं तेच होतं का?

मी भाषांतर केलं. त्यांनी वही मागून घेतली, पानं चाळली, बोटानं ओळ शोधली. "बरोबर धरलं बाईनं," ते म्हणाले. "त्या वर्षी जाळं बदललं होतं. बारीक घराचं आणलं होतं. हे लिहाचं राहून गेलं." आणि तिथंच, सदऱ्याच्या खिशातला पेन काढून त्यांनी ते वहीत लिहिलं.

त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांची चूक कुणीतरी नीट वाचून काढली होती. मग त्यांनीच उलटा प्रश्न केला. "मॅडम, त्यायले विचारा, त्यायच्या तळ्यावर बर्फ जमते तवा मासोळी जाते कुठी?" पलीकडे सगळी मुलं एकदम बोलायला लागली. एका मुलानं गोठलेल्या तळ्याला भोक पाडतानाचा फोटो दाखवला. वडील त्या फोटोकडे मोबाइलच्या अगदी जवळ जाऊन पाहत राहिले.

अहवाल नव्यानं लिहिला गेला. दुसऱ्या वर्षाचे आकडे का वेगळे मानावेत ह्याची टीप त्यात आहे. लेखकांत मुलीचं नाव आहे, तिच्या वडिलांचंही आहे. प्रत्येक लेखकाच्या नावापुढे संस्था लिहावी लागते. वडिलांच्या नावापुढे काय लिहायचं ह्यावर विद्यापीठाच्या कचेरीतून दोनदा विचारणा झाली. शेवटी तलावाचं आणि गावाचं नाव लिहिलं.

एवढं झालं म्हणून सगळं जुळून आलं असं नाही. पुढच्या वर्षी त्या बाई निवृत्त झाल्या. नव्या आलेल्यांना दुसऱ्या देशाबरोबर काम करायचं होतं. आमचे मंगळवार बंद झाले. वडिलांनी मला त्यानंतर घरी बोलावलं नाही. एकदा साकोलीच्या बाजारात दिसले, नमस्कार केला, तब्येत विचारली, मासोळीची टोपली उचलून पुढे गेले. मुलगी पदवी घेऊन नागपूरला एम.एस्सी.ला गेली. निकालाचं तिनं मला कळवलं नाही. दुसऱ्यांकडून कळलं.

गेल्या उन्हाळ्यात प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून मी जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका कॉलेजात गेले. तिथली अंतर्गत परीक्षक ती होती. तासिका तत्त्वावर शिकवत होती. दोघींना एकच टेबल. दिवसभर आम्ही शेजारी बसून मुलांच्या वह्या तपासल्या, तोंडी प्रश्न विचारले. ती प्रश्न विचारून थांबायची. मूल गप्प राहिलं तरी थांबायची, मला घड्याळ पाहावंसं वाटेपर्यंत थांबायची.

दुपारी डबा खाताना मी म्हणाले, "तू मला कळवलं नाहीस, इथे लागलीस ते."

"नाही कळवलं मॅडम." तिनं भाजीचा डबा माझ्याकडे सरकवला. "राग गेला नव्हता. आताही पुरा नाही गेला."

"बरं."

"पण तुमच्या सहीखाली सही करायला मले काही अडचण नाही," ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदा थोडी हसली. "बाबांनी दुसऱ्या तलावावर काम सुरू केलं हाय. या म्हणत होते कधी वेळ असन तं."

मी खरंच येऊ का, असं विचारणार होते. पण बाहेर पुढच्या तुकडीची मुलं येऊन उभी राहिली होती, आणि ती डबा बंद करून त्यांना आत घ्यायला उठली.